शहाणपणाची चाचणी

मंगळवार, ११ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. दाजींनाही सांग. चिमणीचा दात पडल्याचा फोटो पाहिला. तिला म्हणावं, मामाचे दोन पडलेत, पण त्याचं कुणाला कौतुक नाही.

मी मजेत आहे. जेवणखाण वेळेवर, गुडघा शहाण्यासारखा वागतोय, खोलीतला हीटर एकदाचा दुरुस्त झाला. येत्या शनिवारी उपांत्य सामना. गोलरक्षक मीच, असं प्रशिक्षकांनी आज सगळ्यांसमोर सांगितलं. तिशी उलटलेल्या माणसाच्या कानाला हे फार गोड लागतं गं. करार या हंगामापुरताच आहे. शनिवारी उभा राहिलो तर वाढेल, बाकावर बसलो तर घरचा रस्ता.

तू मागच्या सामन्याचं विचारलं होतंस. टीव्हीवर दिसलं तेवढंच. त्यांचा डावखुरा उडी मारून आत आला, चेंडू माझ्या कानशिलावर बसला, मी पडलो, उठलो. हँडबॉलमध्ये बाकीच्यांनी अंग चोरायचं आणि गोलरक्षकानं पुढे करायचं, हेच तर काम. उगाच काळजी करू नकोस.

उठल्यावर मी नेहमीसारखा ओरडून बचावफळीला जागा सांगत होतो. सामना संपल्यावर कप्तान म्हणाला, "अरे, तू डावं-उजवं उलटं सांगत होतास. आम्ही तुझं ऐकलं नाही म्हणून वाचलो." सगळे पोट धरून हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. आमची पोरं चेंडू धरायला हाताला राळ लावतात, त्यामुळे डॉक्टरांच्या दाराची मूठसुद्धा चिकटते. तिथली गंमत तुला सांगायची राहिलीच आहे. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाच्या डोक्याची चाचणी होते. डॉक्टर काही शब्द म्हणून दाखवतात, इकडच्या तिकडच्या गप्पा मारतात आणि मग तेच शब्द विचारतात. एका पायावर, डोळे मिटून उभं करतात. पुढे कुणाच्या डोक्याला मार लागला की तीच परीक्षा पुन्हा. आधीपेक्षा कमी जमलं तर खेळणं बंद.

यावर जुन्या खेळाडूंचा तोडगा आहे. नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कानात सांगतात, "सुरुवातीला बावळट बन, म्हणजे वर्षभर शहाणा ठरशील." मीही बनलो होतो. आठवत असलेले निम्मे शब्द गिळले, एका पायावर दारुड्यासारखा झुललो. बाहेर येऊन कप्तानाला टाळी दिली.

या वेळी मात्र मी नाटक केलं नाही, ताई. जीव तोडून आठवत होतो. "कोपर" आठवलं, "गालिचा" आठवला. पुढे काहीच नाही. डॉक्टर वाट बघत होते आणि मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो, जणू तिथे शब्द उरले असतील. एका पायावर उभा राहिलो तर टेबल धरावं लागलं.

डॉक्टर हसले. म्हणाले, "अगदी पूर्वीसारखाच आहेस. काही बिघडलेलं नाही. खेळ बिनधास्त."

मी "थँक्यू" म्हणालो. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण तेवढंच बाहेर पडलं. बाहेर कप्तानानं डोळा मारला. "जमलं ना?" मी म्हटलं, जमलं.

माझ्या आधीच्या गोलरक्षकाला डोक्याचा पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला होता. तो आता आईजवळ असतो. बुटाचे बंद तीच बांधते. इथे त्याचा विषय कुणी काढत नाही. आज सरावात माझ्याकडे एक चेंडू आला आणि मला दोन दिसले. मला फार भीती वाटतेय. तरी शनिवारी मी उभा राहणार आहे, कारण त्या जाळ्यासमोरून हटलो तर मी कोण, हे मला ठाऊक नाही.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू "खेळू नकोस" म्हणाली असतीस, आणि तुझा शब्द मी आजवर मोडलेला नाही. म्हणून हे पत्र साध्या टपालानं टाकतोय. शनिवार उलटल्याशिवाय ते तुला मिळायचं नाही.

मिळालं की फोन कर. पण "मी ताई बोलतेय" असं आधी सांगू नकोस. कोण बोलतंय, ते मला ओळखू दे.

या एका वेळी तुला न विचारणारा,
तुझा धाकटा