एकटा पंप कसा पाठवायचा

२ मार्च, सकाळ
हारा-क्युएल गावाचा हिमरस्ता एप्रिलच्या मध्यापर्यंत चालू राहणार. ट्रकवाल्या स्पिरिदोनने स्वतः सांगितलं, म्हणजे पक्कं. नदीच्या बर्फावरून दोन दिवसांची वाट. पुढे बर्फ फुटतो आणि गाव जूनपर्यंत तुटतं.
धाकटी बहीण मात्र्योना तिथल्या दवाखान्यात नर्स आहे. तिचा फोन आला होता: हीटिंगचा पंप जळाला, पाइप गोठले, सगळे पेशंट एका खोलीत चुलीभोवती. त्यात एक बाई एप्रिलअखेर बाळंत होणार. पंप मी लगेच मिळवला. गॅरेजमध्ये आहे.
स्पिरिदोन म्हणाला, गावरिलभाऊ, उद्या निघतोय, केबिनमध्ये टाक, नेतो. मी नको म्हटलं. आपल्यात कुणाकडे जायचं तर केही न्यायची, घरटी काहीतरी भेट. अख्ख्या गावाकडे एकटा पंप कसा पाठवायचा? मी सांस्कृतिक भवन चालवलेला माणूस. वेगळा ट्रक भरून जाईल. समिती स्थापन केली: ‘उबदार हात’. अध्यक्ष मी. सचिव अकुलिना. तिला संध्याकाळी सांगेन.

७ मार्च
मदतीचा ओघ. उंच टाचांचे बूट, एक अकॉर्डियन, टेबलफॅन. पंप ट्रकमध्ये सर्वांत आधी चढवला. मान त्याचा.
अकुलिना म्हणाली, अहो, उणे चाळीसात पंखा कुणाला वारा घालणार? बायकोला दूरदृष्टी नाही. जुलै तिकडेही येतो.

१६ मार्च
स्पिरिदोनची दुसरी खेप गेली. आपला ट्रक अर्धाच भरलाय, शिवाय बॅनरचा रंग वाळायचाय. बॅनरवर माझं नाव जरा मोठं आलंय. रंगाऱ्याची चूक, पण आता खोडणं बरं दिसत नाही. स्पिरिदोन म्हणाला, पंप काय बॅनरवर बसून जाणार? माणूस कष्टाळू, पण संस्कार नाहीत.

२५ मार्च
मात्र्योनाचा फोन. दादा, केही नको, पंप पाठव. लहानपणापासून अशीच संकोची. तिला सांगितलं, टीव्हीवाले आले की लगेच रवाना. तेवढ्यात फोन कटला. तिकडची लाइन खराब आहे.

२ एप्रिल
टीव्हीवाले पुढच्या आठवड्यात येतो म्हणाले. छपरावरून पाणी ठिबकायला लागलंय. यंदा लवकरच. फोटोत उजेड चांगला येईल.
संकल्प: भाषण छोटं करायचं.

८ एप्रिल, दुपार
हिमरस्ता बंद. बर्फावर पाणी चढलं. स्पिरिदोननेच येऊन सांगितलं. टोमणा मारला नाही. टोपी हातात धरून उभा राहिला आणि गेला. मारला असता तर बरं झालं असतं.
हेलिकॉप्टर मे महिन्यात, तेही हवामान साथ देईल तर.
ट्रक अंगणात. पूर्ण भरलेला. बॅनर सरळ बसलाय.

११ एप्रिल
सकाळी दारात येगोर, मात्र्योनाचा नवरा. स्नोमोबाइलवरून, मागे स्लेज बांधून, काठाकाठाने एकटा आला. दोन ठिकाणी पाण्यातून. पँट फळीसारखी कडक झालेली. आधी गोठलेल्या माशांचं पोतं टेबलावर ठेवलं. म्हणाला, दादा, ही गावाकडून तुमच्या समितीला केही. रिकाम्या हाताने कसा येणार?
चहा प्याला. मग विचारलं, पंप कुठाय?
पंप तळाशी. सगळा ट्रक उतरवावा लागला. स्पिरिदोनलाही बोलावलं. अकॉर्डियन खाली ठेवताना तेवढं वाजलं.
बाकीचं सामान बर्फात मांडलेलं. मी म्हटलं, येगोर, निदान बूट तरी ने. म्हणाला, दादा, स्लेज हलकी हवी.
बॅनर मात्र नेला. पंप भिजू नये म्हणून त्यात गुंडाळला. नाव आतल्या बाजूला गेलं.
थांबला नाही. काठावरून हात केला. मीही केला.

१२ एप्रिल
पहाटेपासून शून्याच्या वर. वरच्या अंगाला नदीचा बर्फ तडकल्याचं स्पिरिदोन म्हणाला. कुणी काही विचारलं नव्हतं.
अकुलिनाने मासे तळले. खाल्ले. चवीचं काही कळलं नाही.
येगोर उद्या संध्याकाळपर्यंत पोचायला हवा. पोचला की मात्र्योना फोन करेल. फोन चार्ज करून ठेवलाय.