फोनपुरता श्वास

प्रिय ठमे,

हे पाकीट हातात पडल्यावर तू कपाळाला हात लावशील, की फोन असताना बाबांना हे काय सुचलं! सांगतो. आधी इकडची खबर. रस्त्यावर खिळे काही कमी झालेले नाहीत, त्यामुळे माझं सायकलचं दुकान बरं चाललंय. पण आज दुपारी लवकर बंद केलं. लिहायला बसतो, उठतो, खिडकी उघडतो, आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन कान देतो, परत बसतो. आई झोपलीय. झोपलीय म्हणजे उशांना टेकून डोळे मिटून बसलीय. आडवं पडलं की तिला धाप लागते. हे तुला ठाऊक नाही.

तुझ्या विमा कंपनीची योजना आली तेव्हा तिने गल्लीत कुणाला सांगितल्याशिवाय सोडलं नव्हतं. जुन्या पंपातून दम्याच्या औषधाबरोबर जो वायू सुटतो तो धुरापेक्षाही जास्त हवा तापवतो, म्हणून जे दवाखाने रोग्यांना भुकटीच्या पंपावर आणतील त्यांना कंपनी जादा पैसे देणार, आणि हे डोकं कुणाचं, तर माझ्या ठमीचं! शेजारीण म्हणाली, "अगं, ही तीच ना, घरातला एक दिवा कधी मालवायची नाही?" आई पोट धरून हसली होती. मीही काही कमी फुगलो नव्हतो. सातवीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेला मी, वाचनालयातून पुस्तकं आणून हवेचं सगळं वाचून काढलं. तुझं म्हणणं मला पटलं, आजही पटतं. हे आधी लक्षात ठेव.

मग पंप बदलायची पाळी आईवर आली. जुना पंप दाबला की तो वायूच औषध पुढे ढकलायचा. नव्यातली भुकटी मात्र आपल्याच दमाने जोरात ओढावी लागते. मी रिकामा पंप गुपचूप ओढून पाहिला, माझ्याही छातीला जोर लावावा लागला. तिच्यात तेवढा जोर उरलेला नाही गं. डॉक्टर वाईट नाहीत. "नाही जमलं तर जुनाच देतो, आजी, संकोच नको," असं आपणहून म्हणाले. पण ही सकाळपासून मुकाट बसून राहिलेली, आणि तिथे एकदाच असं ओढलं की तेच "वा!" म्हणाले. बाहेर बाकावर बसली ती उठेचना. मी म्हटलं, आत जाऊन खरं सांगू या. तर डोळे वटारून म्हणते कशी, "पोरीच्या योजनेत पहिली नापास आईच व्हायची का?"

तेव्हापासून स्वयंपाकघरातून मला हाक येत नाही, ती ताटलीवर चमचा वाजवते. मी थट्टेने म्हटलं, "काय, शाळा सुटली वाटतं?" हसायला गेली आणि खोकतच राहिली. आता थट्टाही बंद. ठमे, तुझ्या आईने माझ्याशी भांडायचं सोडलंय, यावरून काय ते समज. शेवटी मी एकटाच जाऊन डॉक्टरांना सांगून आलो. त्यांनी जुना पंप लगेच दिला. तो कपाटात तसाच पडून आहे, ती हात लावत नाही. वर मला शपथ घातलीय, ठमीला फोनवर अवाक्षर बोलायचं नाही. पत्राचं नाव काही तिने काढलं नव्हतं.

दर रविवारी आई तुझ्याशी खणखणीत बोलते ना? त्यासाठी ती सकाळपासून खुर्चीतून हलत नाही, माझ्याशीसुद्धा बोलत नाही. सगळा श्वास तुझ्या फोनसाठी राखून ठेवते. फोन ठेवला की संध्याकाळपर्यंत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. योजना मोडू नकोस, पोरी. ज्यांची छाती दुबळी त्यांना जुना पंप राहू दे, आणि त्यांच्यापायी दवाखान्याचे पैसे कापू नका, एवढं त्यात ठळक घाल. पण ते नंतर. माझं ती ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही. तुझं ऐकेल. फोनवर सांगू नकोस, फोनवर ती तुला पुन्हा फसवेल. पत्र मिळालं की नीघ. न कळवता ये, म्हणजे तिला श्वास साठवायला वेळ मिळणार नाही. बेल एकदाच वाजव आणि थांब. दारापर्यंत यायला तिला किती वेळ लागतो, ते तुझं तुलाच कळेल.

तुझाच,
बाबा