सर्व विभाग

३ फेब्रुवारी, सोमवार

ॲपमधली यादी परत सरकली! सार्थकला पाठवायचा मेसेज धैर्यशील सरांना गेला. नशीब, 'चहाला येतोस का' एवढंच लिहिलं होतं. सर केबिनमधून ओरडले, "येतो की! पण बिल तू देणार!" सगळं ऑफिस हसलं. मला हसू आलं नाही.

आमच्या 'कट्टा' ॲपमध्ये गटांची आणि माणसांची यादी असते. कुठूनही नवा मेसेज आला की तो गट टुणकन वर येतो, बाकीचे खाली सरकतात. नेमकं तेव्हाच बोट टेकलं तर भलताच गट उघडतो. बरं, वरचं नाव वाचून तरी कळावं — तर छोट्या फोनवर कीबोर्ड आला की ते नाव स्क्रीनच्या बाहेर जातं! म्हणजे माणूस लिहीत बसतो, पण कुणाला लिहितोय हे त्याला दिसतच नाही.

ॲप बनतं इथं राजारामपुरीत, पण वापरणारी माणसं कारखान्यांतली. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक शिरोलीची फौंड्री. तिथं छोटेच फोन. स्क्रीनचं सगळं माझ्याकडं, कोड सार्थककडं. त्याला म्हटलं, आधी हे करू. "सर म्हणतील ते," म्हणाला. आणि सर म्हणाले, "आधी रंग. बदल लोकांच्या डोळ्यात भरला पायजे. तुझं ते नाव-बिव नंतर."

६ फेब्रुवारी

निळा. कालचा नको, वेगळा निळा. आख्खा दिवस निळा!

११ फेब्रुवारी, मंगळवार

झालं. जे व्हायला नको होतं तेच झालं.

सकाळी फौंड्रीच्या मॅनेजरांचा फोन. सर केबिनमध्ये उभे राहूनच बोलत होते, "व्हय साहेब, बघतो साहेब." मग मला आणि सार्थकला आत बोलावलं. फोन टेबलावर सरकवला. "वाच."

कोअर शॉपमध्ये मोना म्हणून बाई आहे, साच्यांसाठी वाळूचे गाभे बनवते. तिचा मेसेज. एचआर मॅडमना लिहिलेला, पण गेलाय 'सर्व विभाग' या गटात — म्हणजे शिपायापासून मालकांपर्यंत सगळ्यांना.

"मॅडम, पृथ्वीराज सुपरवायझर कामाच्या निमित्तानं स्टोअरात बोलावतात. हात धरतात. न्हाय म्हटलं तर रातपाळी लावतात. दिवाळीपास्नं सोसत्ये. आता न्हाय सोसवत."

त्याच्याखाली हसणारे चेहरे. ओळीनं. एकानं शिट्टी वाजवणारं चित्र टाकलेलं. कुणी एकानंही 'काय झालं ताई' असं विचारलेलं नाही.

सर म्हणत होते, "फौंड्रीचं म्हणणं, तिनं मुद्दाम बदनामी केली. कामावरनं थांबवलंय तिला. चौकशी बसणार. त्यांना आपल्याकडनं लेखी पायजे — ॲपमध्ये कसलाही दोष नाही म्हणून. क्रांती, स्क्रीनचं तुझ्याकडं हाय, तुझ्याच नावानं दे."

"सर, पण दोष आहे. मी गेल्या आठवड्यातच सांगितलं होतं."

सार्थक स्वतःच्या चपलांकडं बघत होता.

"शुक्रवारपर्यंत दे," सर म्हणाले.

१३ फेब्रुवारी

कोअर शॉपमधल्या बायका वापरतात तसला छोटा फोन टेस्टिंगच्या कपाटात सापडला. त्यावर फौंड्रीतल्याच नावांचे चाचणीचे गट घालून करून बघितलं. सार्थक दुसऱ्या फोनवरून मेसेज टाकत राहिला. यादी सरकली, माझं बोट 'एचआर' वर, उघडलं 'सर्व विभाग'. कीबोर्ड वर आला, नाव गायब. लिहिलं, पाठवलं. गेलं सगळ्यांना!

परत केलं. परत तेच.

सार्थकनं डोक्याला हात लावला. "आयला, क्रांती… ती बाई खरंच बोलत असणार."

सरांना दाखवलं. त्यांनी स्वतः करून बघितलं, मग फोन पालथा ठेवला. ओरडतील वाटलं होतं, पण अगदी हळू बोलले. "हे कळलं तर फौंड्री सोडणार आपल्याला. फौंड्री गेली की बाकीचे जाणार. आठ माणसं हायत या ऑफिसात. त्यांचा विचार केलास?"

केला होता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहून दिलं नाही. सर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

संध्याकाळी वडगावला घरी येताना गाडी वाटेतल्या टोप गावात वळवली; मोना तिथली. मोनाचं घर विचारायची चोरी — नाव काढलं की लोक एकमेकांकडं बघतात. शेवटी एका दुकानदारानं हातानंच दाखवलं.

दारात तिची सासू, चिमणाबाई. "कोण पावणं?" म्हटलं, फौंड्रीतलं ते ॲप आहे ना, त्यांच्या ऑफिसातून आले. म्हातारीनं कपाळाला हात लावला. "त्या मोबाइलानंच वाटोळं केलं बघ आमचं!"

आत नवरा, जोतीराम. टेंपो चालवतो. मला खुर्ची दिली, पण स्वतः बसला नाही. "तक्रार केली त्येचं काय न्हाय, बाई. मला सांगितलं असतं तर मीच गेलो असतो त्येला बघाय. पण असं? समद्यांसमोर? आमच्या टोपची निम्मी पोरं त्या फौंड्रीत हायत. टेंपो घिऊन चौकात उभं ऱ्हायची सोय न्हाय ठेवली. उद्या घालवतोय हिला माहेरी, चंदगडला. तिकडंच बसू दे."

मोना आतल्या दाराला टेकून उभी होती. माझ्याच वयाची असेल. रडत नव्हती. नुसती बघत होती.

मी घाईघाईनं बोलले, म्हणजे बोलतच सुटले. फोन काढून यादी कशी सरकते ते दाखवलं, नाव कसं जातं ते दाखवलं. मग तिला विचारलं, "तुला मॅडमनाच पाठवायचं होतं ना? चुकून तिकडं गेलं ना?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"व्हय," म्हणाली.

जोतीरामचा चेहराच बदलला. मटकन खाली बसला. "चुकून गेलंय व्हय! मग तसं सांगायचं की गं!" चिमणाबाईंनी चहा टाकला.

गाडीवर बसले. बरं वाटत होतं. निदान उद्या ती चंदगडला जाणार नाही.

१५ फेब्रुवारी

आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली. "पृथ्वीराज म्हणजे आपल्या गल्लीत यायचा तो न्हवं?" म्हटलं, नाही, दुसरा. मग म्हणाली, "कुठला का असंना. तू गप बसायचं न्हाईस." आणि परत थापायला लागली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सरांनी बोलावलं. चेहरा हसरा. "तुझी ती यादी आणि ते नाव — आजच दुरुस्त करून टाका दोघं. सगळी कामं बाजूला. चारपर्यंत अपडेट गेलं पायजे."

क्षणभर आनंदच झाला! मग टाळकं ठिकाणावर आलं. अपडेट गेलं की फौंड्रीतल्या सगळ्या फोनवर नवीन कट्टा येणार. चौकशीला बसलेल्या तक्रार समितीनं तपासलं तर यादी जागची हलणार नाही, नाव जागच्या जागी दिसणार. म्हणणार, कुठं आहे दोष? बाई खोटं बोलते.

नाही करत म्हणावं, तर दुसऱ्या कुणाचा असाच मेसेज उद्या भलतीकडं जाईल. करावं, तर मोना अडकते. म्हणजे जी दुरुस्ती मीच मागत होते, तिच्यानंच तिचा गळा आवळला जाणार!

केली. मनापासून केली. स्क्रीनला बोट लागलं असेल तोवर यादी हलत नाही. कीबोर्ड आला तरी नाव वर ठळक राहतं. मोठ्या गटात पाठवताना विचारतं, 'हे सगळ्यांना जाईल. पाठवायचं?' काम चांगलं झालं. नेहमी इतकं चांगलं झालं की मी सार्थकला टाळी देते. आज दिली नाही.

पण तो छोटा फोन अपडेट केला नाही. जुना कट्टा तसाच ठेवून बंद केला आणि पर्समध्ये टाकला. सार्थकनं बघितलं. मग स्वतःच्या स्क्रीनकडं वळला.

१८ फेब्रुवारी

फौंड्रीच्या तक्रार समितीला फोन केला. बाहेरच्या एक वकीलबाई आहेत समितीवर, त्यांनीच घेतला. म्हणाल्या, "गुरुवारी या. फोन घेऊन या."

सरांना सांगितलं नाही. भीती वाटते. लिहून ठेवते — भीती वाटते!

२० फेब्रुवारी, गुरुवार

आजारी असल्याचं सांगून सुट्टी घेतली. फौंड्रीत गेटापासूनच लोक बघत होते. मीटिंगच्या खोलीबाहेर पृथ्वीराज बाकावर बसलेला. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. मला वाट करून द्यायला पाय आत घेतले. इतका साधा दिसतो!

आत वकीलबाई, मॅनेजर आणि एचआर मॅडम. एका बाजूला मोना, पदर घट्ट धरून.

छोटा फोन वकीलबाईंच्या हातात दिला. म्हटलं, एचआरला काहीतरी पाठवून बघा. पण यादी सरकायला दुसरीकडून मेसेज यायला हवेत, आणि ते पाठवायचे होते सार्थकनं, ऑफिसातून, सरांच्या नाकासमोर बसून. सकाळी त्याला विचारलं होतं. "बघतो," एवढंच म्हणाला होता.

वकीलबाई 'एचआर'वर बोट रोखून बसल्या. यादी हलेना. मॅनेजरांनी घड्याळ बघितलं. "अहो, काय दाखवणार होता ते दाखवा की." मनात म्हटलं, सार्थक, घाबरलास रे!

आणि टिंग! लगेच दुसरा. यादी सरकली, बाईंचं बोट टेकलं. त्यांनी 'नमस्कार मॅडम' लिहून पाठवलं. "गेला," म्हणाल्या, "मॅडमना." मी वर सरकवून नाव दाखवलं — 'सर्व विभाग'. त्यांनी चष्मा काढला.

मॅनेजर सोडायला तयार नाहीत. "ठीक, चुकून गेला. मग डिलीट का केला नाही? दुपारपर्यंत तसाच होता."

मोनानं मान खाली घातली. उत्तर मीच दिलं. आमच्या ॲपात डिलीट शोधायला मेसेज बराच वेळ दाबून धरावा लागतो, मग तीन टिंबं येतात, त्यांच्या आत इंग्रजीत बारीक अक्षरात ते लपलंय. "मी नोकरीला लागले तेव्हा मलाही सापडलं नव्हतं, साहेब." वकीलबाई हसल्या.

"म्हणजे चूक तुमची," मॅनेजर म्हणाले.

"हो. आमची."

पुढं वकीलबाईंनी आणखी एक सांगितलं. तो मेसेज वाचून कोअर शॉपच्या आणखी दोघी पुढं आल्यात. त्यांनाही स्टोअरात बोलावलं होतं. मॅडम तेव्हा समोरचा कागद सरळ करत होत्या. परत परत.

बाहेर आल्यावर सार्थकला फोन लावला. तो कुजबुजला, "सर मागंच उभे होते गं, म्हणून उशीर झाला."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

निकाल लागला. पृथ्वीराजला कामावरून काढलं. मेसेज ॲपच्या दोषामुळं चुकून गेला, म्हणून मोनावर ठपका नाही. सोमवारपासून ती कामावर. जोतीरामचा फोन आला, "ताई, चौकात उभा ऱ्हायलोय बघा आज!"

फौंड्रीनं आम्हाला सोडलं नाही. दुरुस्ती लगेच केली म्हणून उलट बरं म्हणाले.

सरांनी दुपारी बोलावलं. रागात नव्हते, तेच जास्त लागलं. "तू खरं बोललीस, क्रांती. खरं असंल ते. पण माझ्या पाठीमागनं बोललीस. आता तुला काही सांगताना मी दोनदा विचार करणार. अशानं काम होत न्हाय. मार्चअखेरपर्यंत दुसरं बघ."

सार्थक जिन्यापर्यंत आला.

वाईट वाटतंय. पण पस्तावा नाही. खरं सिद्ध झालं, बास!

९ मार्च, रविवार

आज वडगावच्या बाजारात मोना भेटली. मुद्दाम आली होती, मला शोधत. एकटीच. भाजीवाल्यांची ओळ संपते तिथं कडेला घेऊन गेली.

"तुमची नोकरी गेली म्हणं, ताई. मग तुम्हाला तरी खरं सांगाय पायजे. यादीबिदी काय हलली न्हवती. 'सर्व विभाग' वाचूनच दाबलं मी. मॅडमना दोनदा तोंडानं सांगून झालं हुतं. दोन्ही टायमाला 'बघते' म्हणाल्या."

मग त्या दिवशी घरी 'व्हय' का म्हणालीस, विचारलं.

"तुम्हीच 'चुकून' म्हणाला की," ती म्हणाली. "म्हणून तर घरात हाय मी अजून."