आढळला नाही

३ फेब्रुवारी, दुपार
रिपोर्ट आला. एचआयव्ही विषाणू: 'आढळला नाही.' दोन वर्षं रोज गोळी गिळली, सुटलो एकदाचा. डॉक्टरीणबाई म्हणे, मोजता येण्याइतका उरला नाही एवढंच, अंगात दडून असतोच, गोळी जन्मभर. सत्तावीस वर्षं प्रुफं तपासतोय, आणि मला वाचायला शिकवतात! भिंतीवर 'गोळ्या नियमीत घ्या.' लाल पेनाने वेलांटी सुधारून आलो. ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही आणि निघाले विषाणू शोधायला!

गोळी चालू असेतो बायकोला धोका नाही, असंही सांगितलं. बायको खूश. निरोधाचं पाकीट तिने फेकून दिलं.

४ फेब्रुवारी
गोळी बंद. बायको सकाळी स्वतःच्या हाताने देते. जिभेखाली धरली, मग कुंडीत. तिला सांगितलं नाही, उगाच डोकं खाईल.
संकल्प: पाच किलो वजन वाढवणे. रोज फिरणे.

५ मार्च
दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी उरलेल्या गोळ्या मोजल्या. बरोबर भरल्या. शाबासकी दिली. कसली ही माणसं!
फिरायला उद्यापासून.

१८ एप्रिल
तोंडात पांढरे चट्टे. नवी टूथपेस्ट, दुसरं काय. ताप हवेमुळे. वजन चार किलो कमी, काटा बिघडलाय.

२५ एप्रिल
मी तपासलेलं पुस्तक छापून आलं. मुखपृष्ठावर 'शुद्धलेखनाचे नीयम'. प्रकाशक फोनवर किंचाळला, तुम्हीच लिहून दिलंत ना, चूक आढळली नाही म्हणून? म्हटलं, आढळली नाही म्हणजे नसते असं थोडंच आहे, दडून असते.
बोलून गेलो आणि फोन ठेवला.

२८ एप्रिल
दवाखाना. विषाणू एक लाख चाळीस हजार. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. बायकोला सांगितलंत का, एवढंच विचारलं. बाहेर बाकावर बसून सांगितलं. बायको म्हणाली, अहो, मी रोज हाताने देत होते.

२ मे
बायकोचा रिपोर्ट: 'संसर्ग आढळला नाही.' दीड महिन्याने पुन्हा तपासायचं. मी चारदा वाचला. एकही चूक नाही.
पाचव्यांदा वाचतोय.