आधी झाकण काढा

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. पदवीदानाला यायला तू दुकान दोन दिवस बंद ठेवणार, शेजारच्या काकूंनाही सांगून मोकळी झालीस, हे वाचलं. उत्तर लिहायला तीनदा बसले आणि उठले.

मी जर्मन हा मुख्य विषय घेतला तेव्हा घरात सगळे हसले होते. तू तेवढी शिलाईवरून मान वर न करता म्हणालीस, शिकू दे तिला, कुणाचं काय जातंय. पहिल्या वर्षी मी तुला सांगायचे की त्या भाषेत चमचा तो, काटा ती आणि सुरी चक्क ते, आणि हसता हसता तुझी शिवण वाकडी जायची. जीव होता माझा त्या भाषेवर. आता पुस्तक उघडवत नाही.

आमच्या विभागप्रमुखांना आम्ही 'अत्तर' म्हणतो. ते जिन्यात असले तरी वर्गात कळतं. तिसऱ्या वर्षी त्यांनी भाषांतराचा सराव म्हणून प्रत्येकीला कागदांचे गठ्ठे दिले. सराव कसला, बाहेरच्या कंपन्यांची कामं होती ती. आम्ही करायचो, ते न वाचताच स्वतःची सही ठोकून पाठवायचे. सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. गुण बरे पडत होते, म्हणून तोंडाला कुलूप.

माझ्या वाट्याला पाव कापायच्या यंत्राची माहितीपुस्तिका आली. तिच्यात 'एर्स्ट' असा एवढासा शब्द होता. त्याचा अर्थ कधी 'आधी' होतो, कधी 'तेव्हाच'. पातं पूर्ण थांबेल तेव्हाच झाकण काढा, असं मूळ वाक्य. मी लिहिलं, आधी झाकण काढा, मग पातं थांबेल. दुसऱ्या दिवशी सहलीला जायचं होतं, लक्ष त्या पिशव्या भरण्यात.

गेल्या महिन्यात एका बेकरीतल्या बाईची दोन बोटं गेली. मालक ती पुस्तिका घेऊन विभागात आला, तेव्हा मी तिथेच अर्ज भरत होते. अत्तरने पान पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की असल्या बायका नीट वाचत नाहीत. मालक गेल्यावर मी अत्तरच्या केबिनमध्ये जाऊन कबूल केलं की चूक माझी आहे. त्यांनी चष्मा पुसला.

"तुझं नाव कुठे आहे त्यावर? गप्प बस आणि पहिली ये."

मग बिस्किटांची बशी पुढे सरकवली. आणि ताई, मी त्यातलं एक खाल्लं.

त्या माणसाची शिसारी येते हे खरं, पण त्या बिस्किटाची जास्त येते.

मी रुग्णालयात गेले. बाई तुझ्याच वयाची, बांधलेला हात उशीवर ठेवून बसलेली. विद्यापीठातून आले म्हटल्यावर तिला वाटलं, मी रागवायलाच आलेय. म्हणाली, "मॅडम, कागदावर होतं तसंच केलं मी. अक्षर न् अक्षर वाचून." मालकाने निष्काळजीपणाचा ठपका ठेवून तिला कामावरून काढलंय. आपल्या वाचण्यातच चूक झाली का, हे तिने मला विचारलं. मला! त्या दिवशी मी तिचा पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि निघून आले.

चार दिवसांनी पुन्हा गेले आणि सांगून टाकलं. ती ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, लिहून देशील का?

परवा सकाळी मी कामगार अधिकाऱ्याकडे लिहून देणार आहे. मूळ पान, माझी भाषांतराची वही, अत्तरची सही, सगळं जोडून. माझा निकाल अडकेल, पदवी कदाचित मिळणारच नाही, तेव्हा दुकान बंद ठेवू नकोस. अत्तरला कुणकुण लागलीय. त्याने मैत्रिणींकडून तुझा पत्ता घेतलाय, म्हणून हे पत्र टपालात न टाकता आजच एकीच्या हाती पाठवतेय. तो उद्या तुझ्याकडे येईल, गोड बोलेल, पोरीचं आयुष्य वाया जाईल म्हणेल. मी फक्त तुझंच ऐकते हे त्याला कळलंय. तू एकदा 'जाऊ दे' म्हणालीस तर मी खरंच जाऊ देईन, एवढं मी स्वतःला आता ओळखते. म्हणून ताई, म्हणू नकोस.

तुझीच,
धाकटी