माझ्या मागची वीस हजार घरं

४ नोव्हेंबर
लिही. आधी चष्मा शोध, डोक्यावर असेल. पेन गेल्या वेळी फ्रीजमध्ये सापडलं होतं, तिथंही बघ. ही रोजनिशी माझी आहे, दुसऱ्या कुणी वाचायची नाही. मला वाचता येत नाही, म्हणजे कुणीच वाचायची नाही. तू माझी लेक, तू फोन कानाला लावून फक्त लिहायचं आणि विसरायचं. दुसरं तुला छान जमतं, पहिलं जमवून घे.

डॉक्टर म्हणाले, आजी, रोजचं काहीतरी सांगून लिहून ठेवत जा, डोकं तल्लख राहतं. मी म्हटलं, माझं आहेच, हे तुम्ही मला मागच्या खेपेलाही सांगितलं होतं. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

तर आज घरात डबा बसला. टीव्हीशेजारी. घरात कोण काय बघतं ते तो ऑफिसला कळवतो. सोबत एक छोटा रिमोट, त्यावर माणशी एक बटण. थोरल्याचं निळं, सुनेचं पिवळं, माझं लाल. टीव्हीसमोर बसलं की आपलं बटण दाबायचं, दिवा लागतो. डबा बसवायला आलेला मीटरवाला त्यापुढंही बराच वेळ सांगत होता, पण मला तोवर कळलं होतं, म्हणून ऐकलं नाही. एक मात्र नीट ऐकलं. असे डबे घरोघरी नसतात. आपल्या एका डब्यामागं वीस हजार घरं धरतात. म्हणजे मी खुर्चीत टेकले की वीस हजार घरं टेकली.

त्यानं विचारलं, नात्यात कुणी टीव्हीत कामाला आहे का, असेल तर डबा बसवता येत नाही. थोरल्यानं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, कुणी नाही. खोटं काय त्यात? ज्याच्याशी बोलणं नाही तो नात्यात कसला.

७ नोव्हेंबर
सुनेनं पेपर मोठ्यानं वाचून दाखवला. एरवी मागून मागून जीभ झिजते तरी वाचत नाही. टीव्हीवर बास्केटबॉल बघणारे दरवर्षी कमी होतायत म्हणे. हा सीझनही असाच गेला तर चॅनेल मॅचेस दाखवणं बंद करणार. वाचताना तिच्या आवाजात साखर विरघळत होती. मॅच गेली की टीव्ही तिचा.

मॅच बंद म्हणजे माझ्या धाकट्या लेकाची कॉमेंट्री बंद. कॉमेंट्री बंद म्हणजे त्याची चूल बंद, कारण बोलण्यापलीकडे त्या कार्ट्याला काही येत नाही. मला त्याचं काही नाही. दोन वर्षांपूर्वी यानंच टीव्हीवरून साऱ्या जगाला सांगितलं ना, की चोवीस सेकंदांत चेंडू जाळीकडे फेकायचा हा नियम इतका सोपा आहे की माझ्या आईलासुद्धा कळेल. शेजारी बसलेला त्याचा जोडीदार, तो खिदळ्या, खिदळला. आमचा जिनाही खिदळला. तेव्हापासून मी त्याचा फोन घेत नाही. माफी मागायची तर जिथं अब्रू काढली तिथंच, टीव्हीवर, तेवढ्याच मोठ्यानं. फोनवर कुजबुजून नाही.

आता टीव्हीवर मॅचच उरली नाही तर माफी मागणार कुठं? म्हणून निश्चय केला. लीग मी वाचवणार. त्याच्यासाठी नाही. माफीसाठी.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ
पहिली मॅच. लाल बटण दाबलं, दिवा लागला. पुन्हा दाबलं, दिवा विझला. पोचलं.

जन्मभर जिथं जिथं अंगठा उठवला तिथं तिथं समोरचा कारकून म्हणाला आहे, आजी, नीट उठला नाही, पुन्हा दाबा. एका दाबात कुठलंच ऑफिस ऐकत नाही. शिकलेल्यांना हे ठाऊक नसतं, सही ठोकून मोकळे होतात. सून एकदाच दाबते आणि स्वयंपाकघरात जाते. दिवा बिचारा तसाच जळत असतो आणि तिची सिरियल रिकाम्या खोलीत रडत बसते. मी तिला सांगितलं नाही. तिचं न पोचलेलंच बरं.

निळ्या बनियनवाले हरले. वीस हजार घरं हळहळली.

२२ नोव्हेंबर
मी धाकट्याच्या चुका धरायला मॅच बघते, हे लिहून ठेव. आज एका ताडमाड खेळाडूला संघाचा आधारस्तंभ म्हणाला आणि स्तंभ तिथंच घसरून आडवा झाला. ही एक चूक.

आवाज बसलाय त्याचा. तिसऱ्या क्वार्टरपासून घसा खरखरत होता. खिदळ्या शेजारी बसून घटाघटा पाणी पितो, याला विचारत नाही. तुझ्याकडे मध आहे का, असं मी विचारलेलं नाही. उगाच लिहू नकोस.

६ डिसेंबर
पेपरात आकडा आणखी खाली. शक्यच नाही. माझे वीस हजार खुर्चीला चिकटून आहेत. म्हणजे बाकीचे गळतायत. चौकशी सुरू केली.

पहिला गुन्हेगार घरातच. थोरला अख्खी मॅच फोनवर नखाएवढ्या तुकड्यांत बघतो. म्हणाला, आई, चांगलं तेवढं मिळतं, बाकीचं कशाला बघायचं? मी म्हटलं, तू लग्नात फक्त जेवायला जाणाऱ्यांतला. बापावर गेलास.

दुसरी, वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण. तिचं म्हणणं, खेळ कमी आणि जाहिराती फार, आणि चांगल्या मॅचेस तर पैसे भरून कुठल्या तरी ॲपवर बघाव्या लागतात, इतका वेळ बसवत नाही बाई. मी म्हटलं, तुझ्या खुर्चीत माणसं तासभर आ वासून बसतात ती काय हौसेनं बसतात? चांगल्यासाठी सोसावं लागतं. तिनं दार लावून घेतलं. लावण्याची पद्धत उर्मट होती.

तिसरा, खालचा सलूनवाला. त्याच्याकडं दिवसभर गाणी चालतात. त्याला बाजूला घेऊन डब्याचं सांगितलं आणि मॅच लावायचा शब्द घेतला. डब्याबद्दल बाहेर बोलायचं नाही असं मीटरवाला बजावून गेलाय, म्हणून मी फक्त सलूनवाल्याला सांगितलं. तोही विश्वासू आहे. ज्यांचे केस वाढलेत त्यांनाच सांगतो.

२० डिसेंबर
जिन्यात लोक वाट देतात हल्ली. डॉक्टरीणबाई स्वतःहून बोलली. तिची भाची कुठल्याशा कार्यक्रमात गाते, तेवढा अर्धा तास बटण दाबाल का म्हणे. मी म्हटलं, विचार करू. वीस हजार घरांना विचारावं लागतं.

८ जानेवारी
सलूनवाल्यानं शब्द पाळला, मॅच लावली. पण आवाज बंद. गिऱ्हाइकांना गप्पा मारायच्या असतात म्हणे. नुसती लांबलांब माणसं इकडून तिकडं पळतायत, कुणी कुणाला काही सांगत नाही, जणू गाडी चुकतेय. मी म्हटलं, आवाज सोड. तो म्हणाला, आजी, चित्र दिसतंय ना, आवाजात काय आहे? मी म्हटलं, मग तूही कात्री न उघडता केस काप, बघू. त्यानं थोडा सोडला. मी दाराबाहेर पडेपर्यंत पुन्हा बंद केला. मागं वळून पाहिलं तेव्हा रिमोट खिशात घालत होता, चोर.

त्याच्याकडं डबा नाही, त्यामुळं तिथलं मोजलं जात नाही असं थोरला म्हणतो. मोजण्याचा प्रश्न नाही. वचक बसला पाहिजे.

२ फेब्रुवारी
मॅच नाही. सुनेशी भांडण. कशावरून ते लक्षात नाही, म्हणजे क्षुल्लक असणार. तिला विचार, तिला पाठ असेल. बोलणं बंद.

११ फेब्रुवारी
मॅच सुरू झाल्यावर बटण दोनदा पक्कं दाबलं, वीस हजार घरांना बसवलं आणि सलूनवर पाहणीला गेले. टीव्ही मुका. गालभर फेस लावलेला एक माणूस पंख्याकडं बघत बसलेला.

मध्यंतराला धाकट्याचा चेहरा दाखवला. केस विरळ झालेत, कुणी तेल लावत नसणार. सरळ समोर बघून सावकाश बोलत होता. खिदळ्या मान खाली घालून बसला होता, हसत नव्हता. मी म्हटलं, आवाज वाढव. सलूनवाल्याला रिमोट सापडेना. टॉवेल उचलले, गादी उचलली, फेसवाल्याला उठवलं, तो फेस घेऊनच उभा राहिला. रिमोट सापडला तेव्हा चटईची जाहिरात लागली होती. एखादा खेळाडू जायबंदी झाला असणार, त्याचं सांगत असेल.

घरी आले तर सून माझ्या खुर्चीत. डोळे ओले. सिरियल नव्हती चालू, मॅचच होती. बोलणं बंद असल्यामुळं विचारता आलं नाही.

१२ फेब्रुवारी
तू आज फोन उचलल्या उचलल्या विचारलंस, ऐकलंस ना? काय ऐकलं? मग तूच सांगितलंस. तेच लिही आता. धाकटा म्हणाला की आईची माफी मागायची आहे. नियम तिला कळतो, कुठं थांबावं ते मलाच कळलं नाही. ऐकत असलीस तर फोन उचल.

तुझं खरं कशावरून? तू मागच्या महिन्यात स्वतःचा वाढदिवस विसरलीस. म्हणून अबोला तेवढ्यापुरता मोडून सुनेला विचारलं. ती म्हणाली, हो, मागितली. तुम्ही घरी नव्हतात, मी होते. तुमच्या वतीनं मी घेतली.

घेतली म्हणे. दुधाची पिशवी आहे?

मी ऐकली नाही म्हणजे ती पोचलीच नाही. पुन्हा मागू दे. एका दाबात कुठलंच ऑफिस ऐकत नाही, मग मी का ऐकावं? संध्याकाळी फोन वाजला. मी तिथंच बसले होते. बराच वाजला. आहे अजून सीझन.

१ मार्च
पुन्हा काही म्हणाला नाही. सगळ्या मॅचेस जागच्या न हलता बघतेय. सलूनची पाहणी बंद. घसा अजून तसाच.

९ मार्च, सकाळ
मीटरवाला न कळवता आला. सोबत दुसरा डबा घेऊन. म्हणाला, तुमचा बिघडलेला दिसतो. ऑफिसात सगळे कोड्यात पडलेत. या घरात तासन्‌तास बास्केटबॉल चालू असतो आणि टीव्हीसमोर कुणीच नसतं.

मी म्हटलं, कुणीच नसतं म्हणजे काय, मी काय हवा आहे? बस इथं, दाखवते. लाल बटण दाबलं. दिवा लागला. पुन्हा दाबलं. विझला. झालं, म्हटलं, पोचलं.

त्यानं रिमोट माझ्या हातातून काढून घेतला. मग माझ्या खुर्चीसमोर उकिडवा बसला, लहान मुलाशी बोलायला बसतात तसा. आजी, म्हणाला, पहिल्यांदा दाबलंत तेव्हा तुम्ही आलात. दुसऱ्यांदा दाबलंत तेव्हा उठून गेलात. दिवा जळतोय तोवर माणूस.

मी म्हटलं, अख्खा सीझन? तो म्हणाला, अख्खा. मॅचसमोर एकदाच माणूस दिसलं, फेब्रुवारीत एका संध्याकाळी. पिवळं बटण.

पिवळ्या बटणवाली दारात उभी होती. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

मग माझा तोल गेला. तुमच्या डब्याला साधा अंगठा कळत नाही आणि त्यापायी माझ्या मुलाची कॉमेंट्री जातेय, असं ठणकावून सांगितलं. तो म्हणाला, मुलाची? थोरल्यानं कपाळाला हात लावला. तासाभरात डबा, रिमोट, वायर, सगळं उचलून नेलं. टीव्हीशेजारी चौकोनी स्वच्छ जागा उरली. बाकी सगळीकडं धूळ. सुनेला दिसत नाही ती.

जाताना मीटरवाल्याला वाटलं माझं सांत्वन करावं. म्हणाला, मनाला लावून घेऊ नका, सगळीकडंच बघणारे घटलेत. तुम्ही बरोबर दाबलं असतं तरी काही फरक पडला नसता.

माझ्यामुळं बुडालं म्हणाला असता तर मी सोसलं असतं. हे काय बोलणं झालं? वीस हजार घरं घेऊन गेला आणि वर हे.

१५ मार्च
आज पेपर थोरल्यानं वाचला. सून घरात असून वाचला नाही तिनं. पुढच्या सीझनला मॅचेस टीव्हीवर नाहीत. फोनवर दिसतील, कॉमेंट्रीशिवाय, नुसते बूट कुरकुरतील. धाकटा मोकळा झाला. परवा येतोय, राहायला. थोरल्याला कळवलं, मला नाही. त्याचा फोन मी घेत नाही ना.

डब्याचं त्याला कुणी सांगायचं नाही. अगदीच निघालं तर सुनेनं चुकीचं दाबलं असं सांगू. तिची हरकत नसेल. विचारलेलं नाही.

तो आला की मी बोलणार नाही. आधी त्यानं बोलायचं. निश्चय.

आता खायला काय पाठवायचं ते ऐक, आणि विसरशील म्हणून हातावर लिही. खजूर पाठव. चांगला चिकट, दाताला धरणारा. तोंड भरलेलं राहील, म्हणजे त्यालाही बोलावं लागणार नाही आणि मलाही.

लिहिलंस? खोड. खजूर नको. सूप पाठव, पातळ, गाळलेलं, घशाला टोचणार नाही असं. तोंड मोकळं राहिलं पाहिजे. आणि मध. एकदाच लिही, पोचेल.