मोंदोझला श्वास घेऊ द्या

३ मे, शनिवार
आजपासून मी वाइनमधला माणूस. निर्णय पक्का. आमचा प्लांट मॅनेजर फर्गल घरी वाइन क्लब भरवतो. सोमवारी कॉफी मशीनपाशी त्या लोकांचं हसणं चालू असतं आणि मी साखर ढवळत उभा. वाईट वाटतं. आयर्लंडमधल्या या रिंगास्किडीत इतकी वर्षं झाली, एकदाही बोलावणं नाही. आता क्लबातला एकजण बदली होऊन गेलाय. ती खुर्ची माझी.

६ मे
बाटली आणली. मोंदोझ, फ्रान्सच्या आल्प्समधली रेड. नेहमीच्या वाइन काय, कुणीही पितं. फर्गल आणि त्याची बायको नीव्ह यांना १७ला जेवायला बोलावलं. फर्गल म्हणाला, ग्रँड. एवढा मोठा शब्द. इशिता म्हणते, बाबा, ग्रँड जस्ट मीन्स ओके. इथे वाढलेल्या मुलांना भाषेतले बारकावे कळत नाहीत.

९ मे
नाकाचा सराव. मोंदोझमध्ये मिरी आणि जांभळ्या फुलांचा वास असतो म्हणे. डोळे मिटून मसाल्याचे डबे हुंगले. धने बरोबर. जिरं म्हटलं ती बडीशेप निघाली. बायकोनं, उर्मिलानं, डबे हलवलेले असणार.

१२ मे
पेअरिंग, म्हणजे वाइनच्या जोडीला काय खायचं ते, ठरलं. वाचलं त्यात चीज आणि सॉसेज सुचवलंय. मी म्हणतो मालवणी चिकन. मिरीला मिरी. उर्मिला म्हणाली, त्या मसाल्यापुढे वाइनचं काय चालणार? तिच्या लेखी पेअरिंग म्हणजे मोजे. सासूबाई (लीलावतीबाई, कुडाळहून आल्यात, आल्यापासून सर्दीनं नाक बंद) म्हणाल्या, मगे कढी होयीच. सोलकढीनं जिभेची चव जाते, असं मी समजावलं. त्यांनी नाक शिंकरलं. म्हणजे पटलं.

१७ मे, सकाळ
वाइन काचेच्या जगमध्ये ओतून ओट्यावर ठेवली. तिला श्वास घेऊ द्यावा लागतो. चाखलेली नाही. पहिला घोट पाहुण्यांसमोर, हे तत्त्व.

१८ मे, रविवार
काल घवघवीत यश. ग्लास फिरवून बोललो. खारट छटा जाणवली, ती बर्फाखालच्या खडकांतल्या खनिजांची, हे समजावून सांगितलं. नीव्हनं एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला. भारावली असावी. फर्गल ग्रँड म्हणाला, दोनदा. इशिता आधीच जेवून वर गेली होती, नाहीतर तिला ऐकवलं असतं. शेवटी सासूबाईंनी कढी आणलीच. पाहुण्यांनी तीन-तीन वाट्या घेतल्या. मग नीव्ह गाऊ लागली, फर्गलनं सासूबाईंना मिठी मारली आणि दोघं गाडी आमच्या दारात ठेवून टॅक्सीनं गेले. माझी वाइन दोन घोटांत इतकी चढेल असं वाटलं नव्हतं.

१९ मे
उर्मिलानं विषय काढला. सासूबाईंनी मीठ घालून कोकम भिजवलं होतं, अगदी तसल्याच जगमध्ये, त्याच ओट्यावर. कढी करताना त्या म्हणाल्या होत्या, ह्या कोकम वायच तुरट लागता, म्हणून साखर जास्त घातली. आणि मी पाहुण्यांना काय पाजलं, असं उर्मिलानं विचारलं. इशिता हसून हसून खुर्चीवरून खाली आली. माझं म्हणणं एवढंच की मिठाची चव मी बरोबर ओळखली.

२२ मे
कॉफी मशीनपाशी आज सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. आधी कुणी बघतही नव्हतं.

२४ मे, शनिवार
फर्गलचा मेसेज. रिकामी खुर्ची भरली. त्या इथे आहेत तोवर लीलावतीबाईंनी क्लबात यावं आणि ते गुलाबी पेय करावं. रवींद्रनं (म्हणजे मी) यायला हरकत नाही, बाईंचं बोलणं कुणीतरी इंग्रजीत सांगायला हवं. शिवाय त्यांना घरी आणायला गाडी चालवणारा लागेल.

इथे चालवणाऱ्यानं एक घोटही घेऊ नये म्हणतात. सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, जातेवेळी नारळ किती घ्यायचे.